बालकांतील मेरुरज्जुशोथ : गतिलाभाचा विचार आणि वैद्याचे कर्तव्य

बालरोगांच्या अध्ययनात पक्षाघात, पांगुळ्य, खंजत्व या विषयांची चर्चा आपण वातव्याधीच्या अंगाने करतो. तथापि पूर्वी धडधाकट असलेले बालक ज्वर, प्रतिश्याय वा अतिसार यांतून उठल्यावर काही दिवसांतच पायांतील बळ गमावते, तेव्हा त्याचा विचार केवळ 'वात' या एका शब्दात आटोपणे योग्य नव्हे. रुग्णालयीन परिभाषेत ज्यास 'ट्रान्सव्हर्स मायलायटिस' म्हणतात, त्या मेरुरज्जुशोथाने ग्रस्त बालकांचा गतिलाभ हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा बालकास पालक पुष्कळदा प्रथम आपल्याकडेच आणतात. त्या पहिल्या भेटीत आपण काय करतो, यावर त्या बालकाचे पुढील चालणे बऱ्याच अंशी अवलंबून राहते.

व्याधिपरिचय

मेरुरज्जूच्या एखाद्या भागात शोथ होऊन त्याखालील चेष्टा, संवेदना आणि मल-मूत्रविसर्गावरील ताबा बाधित होतो. लक्षणांची परमावधी काही तासांपासून २१ दिवसांपर्यंत केव्हाही गाठली जाते. पाठदुखी, पायांत मुंग्या, चालताना पाय दुमडणे, नाभीच्या वा छातीच्या ठरावीक पातळीखाली स्पर्श न कळणे आणि मूत्र अडणे, हा लक्षणसमुच्चय ध्यानी ठेवावा. आरंभी पाय शिथिल असतात. काही दिवस वा आठवड्यांनी त्यांत स्तंभ व आक्षेप दिसू लागतात. केवळ या बदलावरून व्याधी वाढला असे समजू नये.

सापेक्ष निदानात पाठीच्या कण्याचा क्षय, गाठ वा विद्रधी यांमुळे रज्जूवर येणारा दाब प्रथम वगळावा लागतो, कारण तेथे शस्त्रकर्मास झालेला विलंब कायमचे पांगळेपण देतो. गुलियन-बारे विकारात शोथ रज्जूत नसून बाहेरील नाड्यांत असतो. तेथे स्पर्शहानीची स्पष्ट पातळी मिळत नाही व मूत्राशय बहुधा वाचतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात या विकाराचा जो उद्रेक झाला, त्याने हा भेद सामान्य व्यावसायिकासही किती आवश्यक आहे हे दाखवून दिले. पोलिओ हाही मेरुरज्जूचाच शोथ, परंतु तो रज्जूतील चेष्टावह पेशींचा. तेथे संवेदना अबाधित राहते.

आद्य कर्तव्य

अशा बालकास त्याच दिवशी एम.आर.आय.ची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. तेथे शोथ शमविण्यासाठी शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन बहुधा तीन ते पाच दिवस दिले जाते. त्याचा गुण न आल्यास रक्तरसाची अदलाबदल केली जाते. सुरगाणा वा पेठ तालुक्यातील पाड्यावरून नाशिकला पोचणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच 'चार दिवस तेल लावून पाहू' हा सल्ला तेथे अधिकच महाग पडतो.

दुसरे कर्तव्य कायद्याचे व समाजाचे आहे. १५ वर्षांखालील बालकास अचानक आलेला शिथिल पक्षाघात, कारण कोणतेही असो, आरोग्य यंत्रणेस कळवावयाचा असतो. १४ दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने मलाचे दोन नमुने घेतले जातात. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ही स्थिती टिकते ती अशा सूचनांवरच.

शास्त्रीय विचार

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या २७व्या अध्यायात ऊरुस्तंभ आणि २८व्यात वातव्याधी सांगितले आहेत. मेरुरज्जुशोथ म्हणजेच ऊरुस्तंभ असे समीकरण मांडणे आम्हास मान्य नाही. परंतु त्या अध्यायातील एक बोध मोलाचा आहे. पाय जड व निश्चेष्ट झाले म्हणून लगेच स्नेहन वा बस्ती देऊ नये, आम व कफ-मेद यांची अवस्था प्रथम पाहावी. शोथाच्या नव्या अवस्थेत अभ्यंगाची घाई न करण्यास येथे शास्त्राचाच आधार मिळतो. याच अध्यायात पुढे वाळू-खड्यांवरून चालणे आणि नदीच्या प्रवाहाविरुद्ध पोहणे हे उपाय येतात. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, ही गोष्ट आजची जलव्यायाम-चिकित्साही उपयोगात आणते. अर्थात धड न सावरणाऱ्या बालकास गोदावरीच्या प्रवाहात उतरविणे असा याचा अर्थ कोणी करू नये. उथळ, कोमट पाणी व सतत हाताचा आधार येथे हवा.

काश्यपसंहितेतील फक्करोगाचे प्रकरण याहूनही अधिक जवळचे आहे. वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही ते फक्क होय. क्षीरज, गर्भज आणि व्याधिज असे त्याचे तीन भेद असून, व्याधीनंतर गती गमावलेले बालक तिसऱ्या भेदाच्या निकट येते. तेथे बस्ती, स्नेहपान, स्वेद व उद्वर्तन यांच्या जोडीने कारागिराकडून घडविलेला तीन चाकांचा फक्करथ सांगितला आहे, ज्याच्या आधारे बालकास हळूहळू चालविण्याचा अभ्यास द्यावा. आपल्या घरांतील पांगुळगाडा तो हाच. औषध आणि अभ्यास यांस एकाच ओळीत बसविणारी ही दृष्टी आजच्या पुनर्वसनशास्त्राशी जुळते. इजा झालेल्या मज्जेत उरलेले मार्ग वारंवार केलेल्या, हेतुपूर्ण हालचालीनेच कामास लागतात.

पुनर्वसनाचा धडा

विसाव्या शतकात पोलिओने हाच धडा दिला. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी प्लॅस्टर व खपच्यांत अवयव जखडण्याऐवजी ऊनऊन ओल्या लोकरीच्या घड्या आणि हालचाल यांचा पुरस्कार केला. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि १९४२ मध्ये मिनीआपोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. त्यांची उपपत्ती वादग्रस्त ठरली, पण पद्धतीचा प्रभाव राहिला. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी, स्वतःच्या मुलीस पोलिओ झाल्यानंतर, १९४७ मध्ये अशा बालकांसाठी उपचारकेंद्र काढले. पुढे १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली.

उपक्रम व सावधानता

तीव्र अवस्था ओसरल्यावर, उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संमतीने, मृदू अभ्यंग, षष्टिकशाली पिंडस्वेद आणि मात्राबस्ती यांचा विचार करता येतो. त्वचा व स्नायूंचे रक्षण, जखडण कमी करणे आणि व्यायामाची पूर्वतयारी, एवढीच अपेक्षा त्यांच्याकडून ठेवावी. मज्जेतील शोथ यांनी शमतो असे पालकांस सांगण्यास आधार नाही. पुढील पथ्ये कसोशीने पाळावीत.

१. ज्या भागास स्पर्श कळत नाही, तेथे स्वेदाने भाजल्याचेही कळत नाही. पोटलीची उष्णता वैद्याने स्वतःच्या मनगटावर तपासावी.

२. जोराचे मर्दन टाळावे. त्याने आक्षेप वाढतात आणि दुर्बळ अस्थी भंगू शकतात.

३. दर दोन तासांनी कूस बदलावी. टाचा, माकडहाड व नितंब रोज पाहावेत.

४. बस्तीसाठी मऊ नळी व अल्प मात्रा वापरावी. संवेदनाहीन गुदास झालेली इजा बालक सांगू शकत नाही.

५. मूत्र तुंबू देऊ नये. छातीच्या वरच्या भागात रज्जू बाधित असेल व अचानक डोकेदुखी, घाम, रक्तदाबवाढ दिसली, तर तुंबलेले मूत्राशय वा मल हे कारण प्रथम शोधावे.

६. घोट्याची शिर आखडू नये म्हणून पाऊल काटकोनात ठेवणारा आधार रात्री द्यावा.

औषधालयांसाठी

स्टेरॉइड चालू असलेल्या बालकाचे औषध अचानक बंद करावयास सांगू नये. यष्टिमधूचे अधिक प्रमाण त्यासोबत दिल्यास रक्तातील पोटॅशियम घटण्याची भीती असते. कुपीलू व वत्सनाभ हे औषधी नियमांच्या परिशिष्ट ई (१) मधील विषद्रव्यांत मोडतात. 'लकव्यावर' म्हणून असे योग बालकासाठी चिठ्ठीविना हाती देऊ नयेत.

साध्यासाध्यता

प्रौढांपेक्षा बालकांत सुधारणा अधिक होते. तिचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत जास्त असून ती दोन वर्षांपर्यंतही चालू राहते. काही बालके पूर्ण बरी होतात, काहींत लंगडणे वा मूत्राची तक्रार उरते, तर काहींस चाकांची खुर्ची कायम लागते. पहिल्या तीन महिन्यांत काहीच हालचाल न आल्यास पूर्ण गतिलाभाची आशा मंदावते. पण तेव्हाही बसणे, खुर्चीत स्वतः सरकणे व शाळेत जाणे ही साध्ये शिल्लक असतातच. पालकांस खोटी आशा देऊ नये व अकारण निराशही करू नये. दर महिन्यास बालक किती वेळ बसते, किती पावले टाकते, याची नोंद ठेवावी व तीच त्यांना दाखवावी. ज्या वैद्याने पहिल्या दिवशी बालकास वेळेवर रुग्णालयात पाठविले, त्याच्याकडेच ते कुटुंब पुढील दोन वर्षांच्या अभ्यासासाठी विश्वासाने परत येईल, असे आम्हास वाटते.