हवा गिळणारा मासा

एका रविवारी राजुरीतला नववीचा एक विद्यार्थी प्लास्टिकची बरणी घेऊन माझ्याकडे आला. बरणीत बोटभर लांबीचे, काळपट अंगाचे, लांब मिशांचे दोन मासे होते. ‘संकरित मांगूर आहे, कशातही जगतो,’ असे सांगून बाजारात कोणी तरी ते त्याला विकले होते. उन्हाळ्यात वीज गेली, मत्स्यपेटीतला हवापंप बंद पडला आणि त्याचे सगळे एंजल मासे मेले होते. तेव्हा न मरणारा मासा त्याला हवाच होता. “सर, मोठे झाले की शेततळ्यात सोडीन. पिल्लेही होतील,” तो म्हणाला.

विकणारा एका बाबतीत खरे बोलला होता. मांगूर खरोखरच सहजासहजी मरत नाही. का, ते थोड्या गणिताने पाहू.

२५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतून जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. आता एक लिटर हवा घ्या. तिच्यात २१ टक्के, म्हणजे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो आणि त्याचे वस्तुमान भरते सुमारे २७५ मिलिग्रॅम. म्हणजे पाण्याच्या तीसपटीहून अधिक! हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. राजुरी उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी. मग गणित बदलेल का? दोन्ही आकडे घटतील, पण हेन्रीच्या नियमानुसार सारख्याच प्रमाणात घटतील, म्हणून गुणोत्तर तेच राहील. तापमानाचे तसे नाही. ३० अंशांना पाण्यातला प्राणवायू साडेसात मिलिग्रॅमवर येतो आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते. एंजल मासे मेले ते या कात्रीत सापडून.

मांगुराच्या कल्ल्यांच्या वर, झाडाच्या फांद्यांसारखा फुटलेला, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि तिच्यातला प्राणवायू या अवयवातून रक्तात घेतो. अंग ओले राहिले तर तो चिखलातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यातही जातो. म्हणूनच मांगुराच्या पेटीला वजनदार झाकण लागते आणि झाकणाखाली हवेसाठी जागाही सोडावी लागते. पेटी काठोकाठ भरली आणि त्याला वर येता आले नाही, तर हा मासा पाण्यात गुदमरू शकतो!

आता त्या ‘संकरित’ शब्दाकडे वळू. आपल्या देशी मांगुराच्या पेशीत ५० गुणसूत्रे असतात, आफ्रिकी मांगुराच्या पेशीत ५६. दोघांच्या संकरात २५ आणि २८ मिळून ५३ होतात. विषम संख्या! जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून अशा संकराला पुढे पिल्ले होणे अवघड. तो तयार करतानाही मादीला संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन, पोट दाबून अंडी काढतात. नराचे वीर्य मात्र असे दाबून मिळत नाही. त्यासाठी नर मारून त्याचे पोट फाडावे लागते. घरच्या मत्स्यपेटीत करायचा हा उद्योग नव्हे.

पण पिल्ले होणे अवघड म्हणून धोका नाही, असे समजू नका. थायलंडमध्ये तिथल्या स्थानिक मांगुराचा आफ्रिकी मांगुराशी संकर करून मोठ्या प्रमाणावर मत्स्यशेती झाली. पुढे तिथल्या नद्यांतल्या रानटी मांगुरांतही आफ्रिकी जनुके सापडली. शिवाय बाजारात ‘संकरित’ म्हणून विकला जाणारा मासा निखळ आफ्रिकी नसेल कशावरून? तो मीटरभर वाढू शकतो आणि वाटेत येईल ते खातो. भारतात त्याच्या पालनावर २००० सालीच बंदी आली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर ती कडक झाली. आपला देशी मांगूर आधीच संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. शेततळे भरून वाहिले, तर पाणी ओढ्याने कुकडीत जाते, कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला, आणि पुढे उजनी. बरणीतल्या दोन माशांचा रस्ता इतका लांब आहे. ते कुठल्याही पाण्यात सोडायचे नाहीत, मत्स्यव्यवसाय खात्याला दाखवायचे, असे आमचे ठरले. मुलगा हिरमुसला, हे खरे.

त्याला मी दुसरा मासा सुचवला: कोरिडोरास. हाही मिशाळच, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण सहा-सात सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. हा हवा गिळतो ती आतड्यात! तिथल्या पातळ भित्तीतून प्राणवायू रक्तात जातो. (परदेशीच असल्यामुळे यालाही ओढ्यात सोडायचे नाही.) ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच पेटीत एकाच जातीचे सहा मासे ठेवा. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घाला, कारण तो मिशांनी वाळू चाळत अन्न शोधतो. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला.

मग घड्याळ आणि तापमापक घेऊन बसा. पंधरा मिनिटांत मासे किती वेळा वर येतात ते मोजा. सकाळी आणि दुपारी, पंप चालू असताना आणि थोडा वेळ बंद ठेवून. आलेख काढा. आकडे मी सांगत नाही.

प्रजननासाठी त्याला पावसाचा भास द्यावा लागतो. काही दिवस भरपूर खाऊ घाला आणि मग बदलायचे पाणी पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंश थंड घाला. मादी काचेवर चिकट अंडी लावत जाते. आईबाप ती खातात, म्हणून बोटाने हलकेच सोडवून वेगळ्या भांड्यात त्याच पेटीतले पाणी घेऊन ठेवा आणि हवेचे बारीक बुडबुडे चालू असू द्या. पांढरी पडलेली अंडी काढून टाका, नाही तर बुरशी शेजारच्यांना धरते. चारएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पोटाखालची पिशवी संपेपर्यंत त्यांना काही देऊ नका. नंतर उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून अगदी चिमूटभर द्या. जास्त झाला की पाणी तासाभरात नासू लागते.