स्पोर्ट्स कारची मागची विंग अमरावतीत बनवायची का? आधी गणित, मग साचा

या आठवड्याच्या व्हिडिओत गणित जरा भरभर झालं, म्हणून इथे सावकाश लिहून देतो. कागद-पेन घेऊन बसा.

अमरावतीच्या बॅचमधला एक तरुण क्लास संपल्यावर थांबला. म्हणाला, "सर, मले फायबरचं काम येते. कूलरच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे छत, सारं केलं. आता रेसिंगच्या गाड्यायले मागून विंग लागते ना, ते बनवतो म्हनतो. बाबा दोन एकर गहाण ठेवाले तयार हायेत."

मी म्हटलं, "भाऊ, सातबारा आधी कपाटात ठेव. मग बोलू."

आयडिया वाईट आहे असं मी म्हणालो नाही, आणि आजही म्हणत नाही. पण ही वस्तू नेमकी काय आहे ते समजल्याशिवाय तिची किंमत ठरत नाही, आणि ग्राहक तर दूरच.

विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा बसवलेला. विमानाचा पंख वर उचलतो, ही विंग गाडीला खाली दाबते, म्हणजे वळणावर मागचे टायर रस्ता सोडत नाहीत. डिकीवर चिकटवतात तो स्पॉयलर वेगळा. तो हवेची वाट मोडतो. विंगला मात्र वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा मिळावी लागते, म्हणून ती दांड्यांवर उंच बसवतात.

आता किती दाबते? १.४ मीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद विंग धरा, म्हणजे क्षेत्रफळ ०.३५ चौरस मीटर. लिफ्टचा गुणांक समजायला सोपा म्हणून १ धरू. हवेच्या घनतेचा अर्धा, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले क्षेत्रफळ. ताशी ६० किलोमीटरला उत्तर येतं सुमारे ६ किलो. १२० ला २४ किलो. १८० ला सुमारे ५३ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट.

म्हणजे बडनेरा रोडवर ६० च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला ही विंग सहा किलोचा दाब देते. मागच्या सीटवर एक गव्हाची पिशवी ठेवली तरी तेवढं होतं! विंगचा खरा उपयोग ट्रॅकवर, मोठ्या वेगात. तिथेही एक भानगड आहे. विंग मागच्या चाकांच्याही मागे लोंबकळते, त्यामुळे तराजूसारखं होऊन गाडीचं नाक हलकं पडतं. समजा पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर आहे आणि विंग मागच्या चाकांच्या ७० सेंटीमीटर मागे आहे. तर २४ किलो दाबताना पुढच्या चाकांवरचा सात किलो भार कमी होतो. जाणकार ग्राहक लगेच विचारेल, "पुढे काय लावू?" याचं उत्तर नसेल तर तुम्ही विंग नाही, शोभेची वस्तू विकताय. शोभेची विकायला हरकत नाही, पण मग भावही शोभेचाच मिळेल.

रस्त्यावरच्या गाड्यांना लावून विकू, असं कोणाच्या मनात आलं असेल तर थांबा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ग्राहकाला आरटीओने धरलं की तो पहिला फोन तुम्हालाच करणार.

मग उरले ट्रॅकवाले. ते मोजा, खरंच बोटांवर मोजा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. पहिले दोन तर आपल्यापासून हजार किलोमीटरच्या पुढे. आणि शर्यतीत धावणारी प्रत्येक गाडी ग्राहक नसते बरं. आपल्या चाकणला पूर्वी बनणाऱ्या पोलो, व्हेंटोच्या शर्यती झाल्या, त्या एकाच प्रकारच्या गाड्यांच्या. तिथे सगळ्या गाड्या सारख्या ठेवायच्या असतात, बाहेरचा पार्ट चालतच नाही. तो दरवाजा बंद. उरतात स्वतःची गाडी घेऊन ट्रॅक डेला जाणारे हौशी लोक, आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीम.

या टीमकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. कोइमतूरला फॉर्म्युला भारत होते, तिथे विद्यार्थी स्वतः बनवलेली छोटी रेसकार उतरवतात. विंगचं डिझाइन त्यांचंच असतं, असायलाच पाहिजे. पण साचा घासून गुळगुळीत करणं, मॅटचे थर बुडबुडा न ठेवता बसवणं, हे हाताचं काम आहे, आणि ते हात तुमच्याकडे आहेत. अमरावती, बडनेरा, अकोला, शेगाव, चारही ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. वर्कशॉपच्या सरांना जाऊन भेटा. पैसा थोडा मिळेल, उधारीही होईल, पण शिकायला मिळेल.

आता खर्च. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तुम्ही स्वतः कोटेशन घ्या. साचा ६०,००० रुपये. एका विंगचं रेझिन, मॅट, जेलकोट, ॲल्युमिनियमच्या दांड्या, बोल्ट मिळून ६,५००. मजुरी २,४००. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट १,६००. झाले १०,५००. विक्री १८,०००. एका नगामागे सुटले ७,५००. साठ हजाराला साडेसात हजाराने भागा, आठ नग. आठवी विंग विकली जाईपर्यंत तुम्ही फक्त साचा फेडताय. वर्षाला चार ग्राहक मिळाले तर दोन वर्षं. तुटफूट, परत आलेला माल आणि स्वतःचा पगार मी धरलेलाच नाही.

शेजारी ट्रॅक्टरचं छत ठेवू. साचा २०,०००, नगामागे सुटतात ९००. तेवीस नगांत साचा मोकळा. नग जास्त लागतात, पण ग्राहक कोण? प्रत्येक गावात आहे.

साच्यावरून एक चांगली गोष्ट सांगतो. अमेरिकेत नाइन लाइव्ह्ज रेसिंग नावाची कंपनी ॲल्युमिनियमची विंग विकते, तीही एक्सट्रूजनची. आपल्या खिडक्यांचे सेक्शन निघतात ना, तशीच पट्टी, पाहिजे त्या लांबीची. छेद एकच, गाडीप्रमाणे बदलतो फक्त आधार. तुम्हीही साचा सरळ, सारख्या रुंदीचा केला तर एकाच साच्यात लहान-मोठी विंग निघते. वळणदार, नक्षीदार विंग दिसायला भारी, पण प्रत्येक गाडीला नवा साचा म्हणजे पुन्हा साठ हजार.

जिथे पैसा वाचवायचा नाही ती जागा म्हणजे आधार. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीत लोटसच्या दोन्ही गाड्यांच्या उंच विंग धावता धावता मोडल्या, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघेही आदळले. जिवंत राहिले, पण तशा उंच विंगवर लगेच बंदी आली. लोटससारख्या टीमचं हे झालं, तर आपण डिकीच्या पातळ पत्र्यावर चार बोल्ट मारून पाठवलेल्या विंगचं काय? आतून जाड पट्टी द्या, भार पसरू द्या. आणि विकण्याआधी घरीच टेस्ट करा. १८० च्या वेगाचा भार ५३ किलो, त्याच्या तिप्पट धरा, म्हणजे १६०. वाळूच्या ४० किलोच्या चार गोण्या विंगवर सारख्या पसरून रात्रभर ठेवा. मधोमध किती वाकली ते टेपने मोजा, गोण्या काढल्यावर सरळ झाली का पाहा, बोल्टची भोकं पाहा. फोटो काढून तारखेसह फाइलला लावा. गाडीचे हादरे यात येत नाहीत, म्हणून हा पास म्हणजे सगळं पास नाही.

आपल्या उन्हाचंही ऐका. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. एरवी चालणारं हार्डनरचं प्रमाण तेव्हा ठेवलं तर रेझिन डब्यातच धरतं. हार्डनर कमी करा, छोटे घाण करा, पहाटे काम उरका. साध्या पॉलिस्टर रेझिनची काळी विंग उन्हात उभ्या गाडीवर तापून नरम पडू शकते, त्यामुळे पांढरा रंग बरा. आणि कोबाल्ट व हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, नंतर हार्डनर. नव्या पोराला पहिल्याच दिवशी हे सांगा.

कर्जाचं थोडक्यात. पीएमईजीपीत सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता तुमच्याच खिशातून. ताजे नियम जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

आपल्या त्या भावाने शेत गहाण ठेवलं नाही. छताचं काम चालू ठेवलं, त्यातल्या पैशातून एक सरळ साचा केला आणि भंगारातून आणलेल्या डिकीवर गोण्या ठेवल्या. सकाळी फोन आला, "सर, विंग सरळच हाय, पन डिकीच्या पत्र्याची दोन भोकं लांबली." आता तो आतली पट्टी मोठी करतोय. गोण्या पुन्हा रविवारी.