उंबर फोडून केंबरं काढताना

बऱ्याच दिवसांनी एखादा मित्र दिसला की आपण म्हणतो, "काय रे, उंबराचं फूल झालास की!" उंबराला फूल कधी दिसत नाही, म्हणून जे क्वचित दिसतं ते उंबराचं फूल. याच झाडावरून दुसराही एक वाक्प्रचार आहे. तो आता फारसा ऐकू येत नाही, पण माझ्या आज्जीच्या तोंडी आहे : 'उंबर फोडून केंबरं काढणं.' केंबरं म्हणजे उंबराच्या फळात असतात ती बारीक चिलटं. झाकलेली गोष्ट कुणी उगीच उकरून काढायला लागलं की आज्जी हे म्हणते.

'शास्त्रज्ञ निसर्गाचा अभ्यास कसा करतात' या विषयावर मंडळानं मला लिहायला सांगितलं, तेव्हा न्यूटन-डार्विनच्या आधी मला हीच दोन वाक्यं आठवली. कारण गेल्या वर्षी मी खरोखरच उंबर फोडून केंबरं काढली. पाहणं, वर्गवारी करणं आणि कारण शोधणं ही विज्ञानाची तीन कामं मला पुस्तकापेक्षा त्या झाडानं जास्त नीट शिकवली. तोच धडा इथे मांडते.

१. पाहणं

सुरुवात भांडणानं झाली. आमच्या परसात उंबर आहे. आज्जी दत्ताची भक्त, त्यामुळे तिच्यासाठी तो 'औदुंबर'. ती म्हणाली, "उंबराचं फूल रात्री उमलतं आणि देव घेऊन जातात. माणसाला दिसत नाही." मी बी.एस्सी.ला नुकताच तो भाग वाचला होता. मी ताडकन म्हटलं, "खोटं आहे ते. फुलं फळाच्या आत असतात."

आज्जी शांतपणे म्हणाली, "साठ वर्षं त्या झाडाला पाणी घालते मी. तू किती वेळा बघितलीस ती फुलं?"

एकदाही नाही! मी फक्त वाचलं होतं. माझं विधान बरोबर होतं, पण ते माझं नव्हतं. ही गोष्ट मला फार लागली.

दुसऱ्या दिवशी ब्लेड आणि भिंग घेऊन बसले. आज्जी म्हणालीच, "कशाला गं उंबर फोडून केंबरं काढायलीस?" हिरवं, वाटाण्याएवढं फळ उभं चिरलं. आत पोकळी, आणि पोकळीच्या भिंतीला शेकडो बारीक फुलं चिकटलेली. पाकळ्यांचा थाट नाही, रंग नाही, पण फुलंच. ज्याला आपण फळ म्हणतो तो मुळात बाहेरून आत वळलेला फुलोरा आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत त्याला 'कुंभासनी' म्हणतात. कुंभासारखं आसन आणि त्यात बसलेली फुलं. किती नेमका शब्द आहे बघा! फळाच्या टोकाला एक बारीकसं दार असतं, तेही खवल्यांनी बंद केलेलं.

म्हणजे आज्जीचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. उंबरावर फूल दिसत नाही हे अगदी खरं. फक्त त्यामागचं कारण वेगळं निघालं. निरीक्षण आणि स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्पष्टीकरण पडलं म्हणून निरीक्षण पडत नाही. विज्ञानाचा हा पहिला धडा.

२. नाव आणि नातं

कॉलेजच्या मागच्या कुंपणाजवळही एक जुना उंबर आहे. त्याखाली आमचा गट जमला तेव्हा नावांचाच गोंधळ झाला. मी म्हणते उंबर, गोव्याची मैत्रीण म्हणते रुमड, कन्नड बोलणारा वर्गमित्र म्हणतो अत्ती, हिंदीत तो गूलर. चौघांचं झाड एकच. अशा वेळी शास्त्रीय नावाची गरज कळते : फायकस रेसिमोसा. रेसिमोसा म्हणजे घोसांचा. खोडावर आणि जाड फांद्यांवर लगडलेले घोस आठवा.

हे नाव कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली दिलं. लिनियस भारतात कधीच आला नाही. मग त्याला उंबर कुठे भेटला? एका पुस्तकात. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीडे यानं मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात उंबराचं चित्र आहे, आणि नाव दिलंय 'अत्ती-आलु'. हे ऐकून आमचा कन्नड मित्र इतका खूश झाला की त्या दिवशीचा चहा त्यानं पाजला.

पण ऱ्हीडेला तरी झाडं कुणी ओळखवली? इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यानं आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी. मॅथ्यू नावाच्या कार्मेलाइट धर्मगुरूचीही सुरुवातीच्या कामाला मदत झाली. त्या तिघा कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. आपण ज्या लिपीत हे ई-मासिक वाचतो, तीच लिपी साडेतीनशे वर्षांपूर्वी उंबराची साक्ष द्यायला हॉलंडला गेली होती! शास्त्रीय नावापुढे एकाच माणसाचं नाव लागतं, पण त्याच्या मागे असे किती हात असतात.

आता नातं. फायकस या प्रजातीत आठशेच्या आसपास जाती आहेत. वड, पिंपळ आणि अंजीर हे उंबराचे सख्खे भाऊ. कुल मात्र आणखी मोठं आहे, त्याला मराठीत वट कुल म्हणतात. त्यात फणस आणि तुतीही येतात. वरवर पाहता कुठे फणस आणि कुठे तुती! पण चीक पाहा. आणि फणस असो की तुती, ते 'एक फळ' म्हणजे अनेक फुलांचा मिळून झालेला गोळा असतो. वर्गीकरण म्हणजे नुसती कप्प्यांत भरणी नव्हे. कुठलं साम्य वरवरचं आणि कुठलं रक्ताचं, हे ओळखणं म्हणजे वर्गीकरण. आता डीएनए तपासूनही ही नाती पडताळतात.

३. कारण शोधणं

बंद दारामागे फुलं असतील तर परागकण पोचवणार कोण? इथे केंबरं कामाला येतात. जेमतेम दोन मिलिमीटरची मादी त्या अरुंद दारातून आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुतेक तुटतात, म्हणजे परतीची वाट बंद. आपण जन्मलो त्या झाडावरचे परागकण ती बरोबर आणते, ते फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडतात आणि त्यांचंही आयुष्य संपतं. माद्या तोवर पक्व झालेल्या नरफुलांचे परागकण घेऊन त्या भोकातून उडतात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात त्यांना योग्य अवस्थेतलं दुसरं उंबराचं झाड शोधावं लागतं. हा व्यवहार सात कोटींहून अधिक वर्षं चालू आहे.

'फायकसच्या प्रत्येक जातीचं एक ठरलेलं केंबरू' असा नियम बराच काळ मानला जायचा. २००३ साली पनामातल्या केंबरांचे डीएनए तपासले, तर काही झाडांवर दिसायला सारख्या, पण प्रत्यक्षात दोन वेगळ्या जाती निघाल्या. नियम दुरुस्त करावा लागला. त्यात विज्ञानाला कमीपणा नाही.

४. पिशव्यांचा हिशेब

आम्ही कॉलेजच्या उंबरावर एक छोटा प्रयोग केला. केंबरं आत शिरण्याआधी बारा घोसांना पातळ, दाट विणीच्या कापडाच्या पिशव्या बांधल्या आणि बारा घोस नुसता रंगीत दोरा बांधून मोकळे ठेवले. तीन आठवड्यांनी पाहिलं. मोकळ्यांपैकी आठ घोस टिकले होते. पिशव्यांपैकी दोन माकडांनी फाडल्या. नऊ पिशव्यांमधली सगळी फळं गळून आत पडली होती. एका पिशवीत मात्र फळं टम्म फुगलेली!

खरं सांगते, माझ्या मनात आलं की ही पिशवीही माकडांच्या खात्यात टाकावी. 'नऊपैकी नऊ' किती छान दिसलं असतं. वहीत तसं लिहूनही झालं होतं. मग साठ वर्षं पाणी घालणारी आज्जी आठवली. मी मॅडमना खरा आकडा सांगितला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ती का टिकली ते शोधा."

त्या पिशवीतलं फळ चिरलं. आत पंख तुटलेली मेलेली केंबरं होती. नोंदवही उघडली, तर त्या दिवशी शिडी मिळाली नव्हती म्हणून ती पिशवी दोन दिवस उशिरा बांधल्याची नोंद सापडली. पाहुणे आधीच आत गेले होते!

आणि मग लक्षात आलं की आमच्या हातातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच होता. कुणीही विचारू शकलं असतं, "फळं केंबरांवाचून गळली की पिशवीत कोंडल्यामुळे?" उशिरा बांधलेल्या पिशवीतली फळं वाढली, म्हणजे दोष पिशवीचा नसावा. 'नसावा' म्हणते, कारण एका पिशवीवरून 'नाही' म्हणता येत नाही. यंदा आम्ही मुद्दाम सहा पिशव्या उशिरा बांधणार आहोत. जो आकडा मी खोडणार होते, त्यानंच पुढचा प्रयोग सुचवला.

दत्तजयंतीला आज्जीच्या हातात चिरलेलं उंबर आणि भिंग दिलं. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढी फुलं? अगं, म्हणजे लहानपणापासून मी उंबराची फुलंच खात आले की!" केंबरांबद्दल मी बोलले नाही. तिनंच भिंग फिरवून ती शोधली आणि म्हणाली, "ही तर मला ठाऊकच होती."

करून पाहा

१. तुमच्या घराजवळचा उंबर, वड किंवा पिंपळ शोधा. दर आठवड्याला एक फळ चिरून काय दिसतं ते तारखेसह लिहा. वाचलेलं नको, दिसलेलं लिहा.

२. त्या झाडाला तुमच्या घरात, शेजारी आणि वर्गात कुठली नावं आहेत ती गोळा करा.

३. झाडं-प्राण्यांवरचा एक मराठी वाक्प्रचार निवडा. त्यातलं निरीक्षण कुठलं आणि स्पष्टीकरण कुठलं, ते वेगळं करा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपण ते एकमेकांना वाचून दाखवू.