मुकी जनावरे आणि आपण

(अभ्यासपाठ. वाचावे : यिर्मया १४:१-६, निर्गम २३:४-१२)



यिर्मया संदेष्ट्याने यहुदातील अवर्षणाचे जे वर्णन केले आहे, ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मोठ्या घरचे गडी पाणवठ्यावर जातात आणि रिकामी भांडी घेऊन परततात. शेतकरी भेगाळलेल्या जमिनीकडे पाहून डोके झाकून घेतो. रानातली हरिणी नुकतेच जन्मलेले पाडस टाकून जाते, कारण गवतच उरलेले नाही. माणसांबरोबर जनावरांचेही हाल संदेष्टा देवापुढे मांडतो, हे ध्यानात घ्यावे.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत आपल्याकडे चारा छावण्या उघडल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात सर्वांत जास्त छावण्या बीडमध्येच होत्या, सहाशेच्या आसपास. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये व लहानामागे ४५ रुपये अनुदान होते; मे महिन्यात ते १०० आणि ५० झाले. एका शेतकऱ्याची पाचच जनावरे घ्यायची, अशी अट सुरुवातीला होती. सहावे कोणते ठरवायचे? भाकड गाय की म्हातारा बैल? छावण्यांनी पुष्कळ दावणी वाचवल्या हे खरे, पण ही निवड ज्याने केली त्यालाच तिचे दुःख ठाऊक.

पूर्वी अशा वेळी थकलेली बैलजोडी बाजारात नेत आणि त्या पैशांत भर घालून तरणी जोडी घेत. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईप्रमाणे बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. कायदा पाळलाच पाहिजे. परंतु काम न करणारा बैलही रोज पेंढी खातो, आणि त्या पेंढीचा बोजा ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्यावर पडतो, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. कित्येकांनी बैल सोडून शेळ्या धरल्या. शेळी थोड्या चाऱ्यात भागवते आणि अडचणीला लगेच विकता येते.

दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. बैलगाडीवाले बैल बरोबर नेतात, गाई-शेळ्या म्हाताऱ्यांच्या हवाली करतात. फडावर उसाचे वाढे मिळते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. (नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नये. त्यातील ऑक्झलेटमुळे अंगातले कॅल्शियम कमी होते. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण द्यावे.) सातव्या दिवशी बैलाला व गाढवालाही विसावा मिळावा, असे निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे. कारखान्याच्या हंगामात बैलाला रविवार नसतो, गाडीवानालाही नसतो.

त्यातच २०२२ मध्ये लम्पी आला. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरत असल्याने जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. दगावलेल्या दुधाळ गाईला ३०,००० आणि ओढकाम करणाऱ्या बैलाला २५,००० रुपये मदत शासनाने जाहीर केली. ज्यांची गाय वाचली त्यांचे दूध मात्र आटले, त्याची भरपाई कुठून मिळणार?

दुधाचा भाव तर आपल्या हाती नाहीच. जादा दुधाची भुकटी होते आणि भुकटीचा दर जगाच्या बाजारात ठरतो. तो पडला की आष्टी-पाटोद्याच्या संकलन केंद्रावर लिटरमागचे रुपये कमी होतात, सरकी पेंडेचे पोते मात्र स्वस्त होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये शासनाला गाईच्या दुधासाठी लिटरला पाच रुपये अनुदान द्यावे लागले, ते यामुळेच.

आता पुन्हा निर्गम २३:४-५ वाचावे. वैऱ्याचे जनावर ओझ्याखाली पडलेले दिसले तरी निघून जाऊ नका, त्याला उठवायला हात लावा, अशी ती आज्ञा आहे. मालकाशी बोलणे आहे की नाही, हे विचारायचेच नाही.

या आठवड्यात समूहाच्या बैठकीत एवढेच बोलावे : आपल्या वस्तीतील कोणती घरे ऊसतोडीला जातात? मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या गोठ्यात चारापाणी कोण करते? ज्याच्याकडे कडब्याची गंज आहे, तो उन्हाळ्यात किती पेंढ्या उसन्या देऊ शकेल? गोठ्यातल्या जनावरांना लस टोचली आहे का? घरांची व पेंढ्यांची यादी करून पुढच्या रविवारी मिस्सानंतर फादरांकडे द्यावी.