डबा विकणाऱ्याने जे सांगितलं नाही

घरच्या खताला वास येतो असं कुणी म्हणालं की माझं अजून डोकं फिरतं. वास येतो तो हवा न मिळालेल्या ओल्या कचऱ्याला. आणि तो तसा कोंडायला मला शिकवलं ते प्रदर्शनात खताचा डबा विकणाऱ्या माणसाने.

“मॅडम, सालं, देठं, उरलंसुरलं काहीही टाका. वर चमचाभर आमची पावडर, झाकण घट्ट. दीड महिन्यात खत.” सुक्या पाल्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी अगदी सांगितल्याबरहुकूम केलं. उन्हाळ्याचे दिवस, घरात कलिंगडं. थोड्याच दिवसांत झाकण उघडलं की डोळे चुरचुरायला लागले. फोन केला, तर “पावडर कमी पडतेय.” पुन्हा केला, तर “तुम्हीच काहीतरी भलतं टाकलं असणार.” आणि वर नवीन पाकीट गळ्यात मारलं.

त्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलं होतं: कचऱ्याइतकाच सुका पाला किंवा कोकोपीट मिसळावे. आधीच्या पाकिटावर ही ओळ नव्हती. मी ओट्याशी ते पाकीट हातात धरून उभीच राहिले. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं! पाला फुकट मिळतो, पावडर विकावी लागते. मग पाल्याचं कोण कशाला सांगेल?

गच्चीवर नेऊन डबा पालथा केला. काळा चिकट लगदा, त्यात कलिंगडाच्या साली अजून हिरव्या, तळाशी साठलेलं पाणी, आणि डब्याच्या नळाच्या तोंडात कोथिंबिरीच्या काड्यांचा बोळा. नळाच्या आत साधी जाळीही दिलेली नव्हती.

दरम्यान सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली होती, ‘गॅलरीत कचरा साठवून दुर्गंधी पसरवणाऱ्या सभासदांनी नोंद घ्यावी.’ नाव नव्हतं, पण लिफ्टमध्ये सगळे माझ्याकडेच बघायचे. ज्या सेक्रेटरींनी ती लावली, त्यांच्याच देखरेखीखाली आवारातला पाला फाटकाशी जाळला जातो. 2016च्या घनकचरा नियमांनीच 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं, हे त्यांना कोण सांगणार? पुण्याच्या कचऱ्याचा वास उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला. आम्हाला एका गॅलरीचा सोसवत नाही.

असो. नव्याने सुरू करणाऱ्यांनी डब्याआधी पाल्याची सोय करावी. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ भरपूर असते, तेव्हाच पोती भरून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात कोरडं पान शोधून सापडत नाही. खत करणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्राला साधारण पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. भाजीच्या सालींत नत्र आणि पाणी जास्त, कर्ब आणि हवेची पोकळी पाल्यात. म्हणून एक वाटी ओलं तर किमान एक वाटी चुरलेला पाला, आणि कलिंगड असेल तर दोन. साली बोटभर तुकडे करूनच टाका.

ओल किती हवी, तर मूठभर मिश्रण घट्ट दाबा. एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला घाला आणि खालीवर करा. विरजण म्हणून तयार खताची एक ओंजळ किंवा थोडं आंबट ताक पुरतं. सुरुवातीला मांस-मासे, तेलकट उरलेलं टाकू नका. करड्या जाड अळ्या दिसल्या तर फिनाईल ओतू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात. चिलटं झाली तर वर पाल्याचा जाड थर द्या. धीर धरा, दोन-तीन महिने लागतातच. मातीचा वास आला आणि साल ओळखू येईनाशी झाली की चाळून घ्या. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग पुरे.

मी आता रंगाच्या जुन्या बादलीला सगळीकडून भोकं पाडून त्यातच करते. तरी विकतचा डबा घ्यायचाच असेल, तर दुकानदाराला समोर उभं करून विचारा: हवा कुठून जाते, पाणी कुठून निघतं, कोरडं काय मिसळायचं? तिसऱ्याचं उत्तर ‘आमची पावडर’ असं आलं, तर पैसे काढू नका.