पादऱ्याच्या कॉलेजचं एवढं काय घेऊन बसलीस!

ये, बस अशी. आणि तो मोबाइल आधी पालथा ठेव बघू. कुणाला कुठे मिळालं हे दर पाच मिनिटांनी ग्रुपवर बघून तुझा अर्ज काही पुढे सरकणार नाही गं.

काकू सांगत होत्या, दोन दिवस तू धड जेवत नाहीस. का, तर अर्जात पादऱ्याचं कॉलेज टाकलंस आणि गल्लीतल्या कुणीतरी खवचटपणे विचारलं, "इथे नाही का मिळणार?" खरं सांगू का, आपल्या बडोद्याला आर्ट्स फॅकल्टीच्या त्या घुमटाचं वेड आहे. 1881 साली बडोदा कॉलेज निघालं, तेव्हापासून कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. आजही घुमटासमोर उभं राहून फोटो काढला नाही तर आपण कॉलेजात गेलो असं वाटतच नाही कुणाला. माझाही आहे तसा फोटो. डोळे मिटलेले, ओढणी तोंडावर उडालेली. घुमट मात्र सुरेख आलाय!

पण पादऱ्याचं एम. के. अमीन कॉलेजही महाराजा सयाजीराव विद्यापीठाचंच आहे ना? पदवी त्याच विद्यापीठाची मिळणार. मग मान खाली घालून का सांगतेस? कॉमर्स फॅकल्टीत पहिल्या वर्षाला हजारोंनी मुलं असतात. तिथे मागच्या बाकावर बसून वर्षभर कुणाशी एक शब्द न बोलता पास होता येतं, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू नेमकं तेच करशील. शाळा गुजराती, घर मराठी, आणि विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी. तुझी खरी धास्ती ही आहे, कॉलेज लहान की मोठं ही नाहीच. लहान वर्गात "सर, हे परत सांगा" म्हणायला जीभ रेटते. पहिले दोन-तीन महिने तेवढंच कर. आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखी. सयाजीरावांच्या काळातली, 1910 ची. तिथे गुजराती, मराठी, इंग्रजी सगळं मिळतं. एखादा धडा आधी गुजरातीत वाचून गेलीस तर इंग्रजीतला अर्धा तसाच कळतो.

आता दुसरी बाजूही ऐक, नाहीतर म्हणशील ताईनं नुसतं गोड गोड सांगितलं. लहान कॉलेजात विषय कमी असतात. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, शिवाय कौशल्याचे विषय, अशी मोठी यादी येते. यादीत छापलेलं सगळं प्रत्येक कॉलेजात शिकवलं जातंच असं समजू नकोस. म्हणून एक दिवस सरळ पादऱ्याला जाऊन ये. ऑफिसात विचार, या वर्षी मायनरला काय काय देणार आहात? शिकवायला कायमचे प्राध्यापक आहेत का? हा वर्ग ग्रँट-इन-एड आहे की सेल्फ फायनान्स? फीचा सगळा फरक या शेवटच्या प्रश्नात असतो. मग बाहेर येऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठ. ऑफिसातल्या उत्तरापेक्षा तिचं उत्तर जास्त कामाचं. मराठीच मेजर घ्यायचं मनात असेल तर मात्र थांब. मराठीचा विभाग इथे बडोद्यात आर्ट्स फॅकल्टीत आहे, तेव्हा नुसत्या लहान कॉलेजच्या हौसेनं पादऱ्याला जाऊ नकोस. लहानच हवं आणि संस्कृत आवडत असेल, तर गावातच 1915 पासूनचं संस्कृत महाविद्यालय आहे. त्याचा विचार कुणी करतच नाही बघ.

फॉर्मचं म्हणशील तर 2024 पासून सगळं जीकॅसच्या, म्हणजे गुजरातच्या सामायिक प्रवेशाच्या पोर्टलवर गेलंय. एकच अर्ज भरायचा, त्यातच वेगवेगळी कॉलेजं निवडायची. मोबाइल नंबर तुझा स्वतःचा दे. मामांचा नको, सायबर कॅफेवाल्याचा तर मुळीच नको. ओटीपी त्यावर येतो, आणि मामा नेमके त्याच दिवशी डाकोरला गेलेले असतात. ऑफर एकापेक्षा जास्त ठिकाणांहून येऊ शकते. पहिली आली म्हणून उड्या मारत कुणालाही ओटीपी सांगून मोकळी होऊ नकोस. आधी तारखा बघ, घरी बोल, मग कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखव.

कागदांचं मात्र आजच बघ. बारावीच्या मार्कशीटवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का? आपल्या मराठी आडनावांचं इकडे काय काय होतं तुला माहीत आहे, एका कागदावर 'कर' असतं, दुसऱ्यावर 'कार'. नॉन-क्रीमी लेयरचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला लागणार असेल तर जनसेवा केंद्राची रांग आत्ताच धर, निकालानंतर तिथे अख्खं गाव उभं असतं. उत्पन्नाचा दाखलाही त्याच फेरीत काढ. एमवायएसवाय, म्हणजे मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत, 80 किंवा त्याहून जास्त पर्सेंटाइल असलं आणि घरचं वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत असलं तर बीए-बीकॉमला ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते, जास्तीत जास्त दहा हजार. पर्सेंटाइल हं, टक्के नव्हे! मार्कशीटवर तो आकडा वेगळा छापलेला असतो. टक्के बघून "आपल्याला कुठलं मिळायला" म्हणत गप्प बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात.

आणि जाण्यायेण्याचं. पादरा बडोद्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, त्यात तुझं घर पाणीगेटला, गावाच्या पूर्वेला, म्हणजे तुला आधी अख्खं शहर ओलांडून स्टेशनच्या एसटी डेपोवर जायचं. सकाळची कोणती बस धरली तर पहिलं लेक्चर मिळतं, हे फी भरण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघ. विद्यार्थ्यांच्या पासाचा फॉर्म कॉलेजच्या सहीशिक्क्याशिवाय चालत नाही, म्हणून प्रवेश झाला त्याच दिवशी सही घेऊन टाक. पावसाळ्यात वाटेत विश्वामित्री नदी आहेच. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात तिनं काय केलं ते तू पाहिलंयस, तेव्हा पाणी चढायला लागलं की घरी बसायचं, हजेरीचं नंतर बघू. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत घालून माळ्यावर ठेव. पलंगाखालच्या पेटीत नको.

संध्याकाळी परतताना पादऱ्याच्या बाजारातून भाजी आणलीस, तोंडली-परवर काय ताजं दिसेल ते, तर काकूसुद्धा लांबच्या कॉलेजबद्दल कुरकुर करायच्या नाहीत. हां, आणि पासपोर्ट साइजचे फोटो नवे काढ. त्या जुन्यात तू आठवीतली दिसतेस.