नौकानिवास आणि भीमाकाठचे पाणी

सुटीचे दिवस नावेवर किंवा काठावरील नौकागृहात घालविण्याची आवड महाराष्ट्रातही रुजू लागली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे राज्य पर्यटन विकास महामंडळाने कर्ली नदीच्या खाडीत नौकागृहे आणली. भिगवणच्या रोहित पक्ष्यांमुळे उजनी जलाशयाकडेही पर्यटक वळतात. साहजिकच, उजनीपासून श्रीपूरपर्यंतच्या भीमाकाठी अशी सोय होऊ शकेल काय, असा प्रश्न पुढे येतो.

येथे केरळचे अनुकरण जसेच्या तसे उपयोगी नाही. तेथील केट्टुवळ्ळम म्हणजे मूळची भात वाहणारी, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या बांधलेली नाव. ती ज्या कायलांत फिरते तेथील पाण्याची पातळी वर्षभरात फारशी हलत नाही. उजनीचे पाणी मात्र सिंचनासाठी साठविलेले आहे. सुमारे ११७ अब्ज घनफूट एकूण साठ्यापैकी जवळजवळ ६४ अब्ज घनफूट मृतसाठा असून, २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी त्याच्याही बरेच खाली गेले. पाणी फार ओसरले की पळसदेवचे बुडालेले मंदिर उघडे पडते. भाद्रपदातील काठावर बांधलेले नौकागृह वैशाखात माळावर उभे राहणार, हे उघड आहे. म्हणून धक्का तरंगता व पुढेमागे सरकविता येणारा हवा.

श्रीपूरची अडचण निराळी आहे. नीरा-नरसिंहपूर येथे नीरा भीमेस मिळते. पावसाळ्यात वीर व उजनी या दोन्ही धरणांतून विसर्ग सुरू झाला की गावात पावसाचा थेंबही नसताना नदी फुगते. त्या काळात नावेवर मुक्काम नको, आणि काठावरील बांधकाम निळ्या पूररेषेबाहेरच हवे. शिवाय हेच पाणी पुढे पंढरपूर व सोलापूरकर पितात. नावेतील मैला टाकीत साठवून काठावर उपसून घेण्याची व्यवस्था नसेल, तर परवानगीचा विचारही करू नये.

दिनांक २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी मार्गावरील प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा अंत झाला. ती नाव पर्यटकांची नव्हती, पण वारा तोच असतो. १९१७ च्या कायद्याऐवजी आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात यांत्रिक नौकांची नोंदणी व तपासणी आवश्यक ठरविली आहे. ग्रामपंचायतीने ना-हरकत देण्यापूर्वी ही प्रमाणपत्रे, माणशी एक जीवरक्षक जाकीट आणि वारा सुटताच नाव काठाला आणण्याची लेखी हमी मागावी. नावाडी शक्यतो स्थानिक मच्छीमारांतून घ्यावेत. उन्हाळी वावटळीची चाहूल त्यांना इतरांआधी लागते.